अभिनयाच्या ऑडिशनसाठी भर हिवाळ्यात लेकीबरोबर शिकागोला जाताना

खारघरच्या एका ताईंनी विचारले आहे की, त्यांची मुलगी सध्या राज्य मंडळाच्या अकरावीत शिकते, बारावीनंतर तिला अमेरिकेत अभिनयाची पदवी घ्यायची आहे आणि त्यासाठीच्या प्रत्यक्ष ऑडिशन पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत न्यूयॉर्क आणि शिकागो येथे होणार आहेत. त्यांच्या घरातले कोणीही आजवर परदेशी गेलेले नाही. आईने सोबत जावे का, किती दिवस आधी पोहोचावे, एवढ्या थंडीत मुलीचा आवाज कसा सांभाळावा आणि दोन्ही शहरे करावीत की एकच, असे त्यांचे चार प्रश्न आहेत.

ताई, मी ठाण्यात नौपाड्यात गेली २२ वर्षे मुलांना नाटक शिकवते. या कामासाठी हिवाळ्यात चार वेळा अमेरिकेला जाणे झाले. पहिल्यांदा स्वतःच्या मुलाला घेऊन गेले आणि नंतर तीनदा माझ्याकडे शिकलेल्या मुलांबरोबर, त्यांच्या पालकांच्या जोडीने. तुमचे चारही प्रश्न वरवर प्रवासाचे दिसतात, पण माझ्या अनुभवाने त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: या प्रवासात मुलीच्या वाट्याला काय यावे आणि तुमच्या वाट्याला काय यावे? माझे उत्तर असे आहे की, ऑडिशनच्या खोलीतली पाच-दहा मिनिटे आणि त्यांची तयारी तेवढी मुलीची असावी. तिकिटे, थंडी, जेवण, पैसे, घड्याळ, रद्द झालेले विमान आणि नकाराचे पत्र यांचा भार तुम्ही उचलावा. म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्धपणे ‘हो, सोबत जावे’ असेच आहे. शिवाय अमेरिकेतील बहुतेक हॉटेले अठरा वर्षांखालील पाहुण्याला स्वतःच्या नावावर खोली देत नाहीत, काही ठिकाणी तर ही अट एकवीस वर्षांची असते, त्यामुळे सतरा वर्षांच्या मुलीने एकटीने जाणे व्यवहारातही बसत नाही.

बाकीची उत्तरे मात्र तीन गोष्टींवर अवलंबून आहेत आणि त्या तुमच्याच घरात ठरायच्या आहेत. पहिली गोष्ट बारावीच्या परीक्षेची. राज्य मंडळाची लेखी परीक्षा हल्ली फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होते. २०२५ साली ती ११ फेब्रुवारीला सुरू झाली होती. प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा त्याच्या आधीचे दोन-तीन आठवडे व्यापतात. ऑडिशनचा हंगामही नेमका तोच असतो. न्यूयॉर्कमधील एकत्रित ऑडिशन, म्हणजे अनेक महाविद्यालये एकाच ठिकाणी घेतात त्या, जानेवारीत होतात आणि शिकागोतील फेब्रुवारीच्या सुरुवातीला. म्हणजे शिकागोहून परतल्यावर आठ दिवसांच्या आत मुलीला मराठीचा किंवा इंग्रजीचा पेपर द्यावा लागू शकतो, आणि तोही शरीराचे घड्याळ उलटे झालेले असताना. प्रात्यक्षिक किंवा तोंडी परीक्षा चुकली तर मंडळ लेखी परीक्षेनंतर ‘आउट ऑफ टर्न’ परीक्षा घेते, परंतु ती सवलत गृहीत धरू नये. बारावीचे वर्ष सुरू होताच कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्राचार्यांना भेटून लेखी विनंती द्यावी. अमेरिकेतील प्रवेशाचे पत्र हाती आलेली मुलगी बारावीत अडखळली तर तो प्रवेशही अडचणीत येतो, ही गोष्ट नाटकाच्या उत्साहात पालक विसरतात.

दुसरी गोष्ट पैशांची. हा विषय मी नेहमी विमानाचे तिकीट काढण्याच्या आधी काढते, कारण नंतर काढला तर फार दुखावतो. न्यूयॉर्क विद्यापीठ किंवा पिट्सबर्गचे कार्नेगी मेलन यांसारख्या खासगी विद्यापीठांत शिक्षणशुल्क आणि राहण्याजेवण्याचा खर्च मिळून वर्षाला ८०,००० डॉलरच्या पुढे जातो आणि पदवी चार वर्षांची असते. परदेशी विद्यार्थ्यांना मिळणारी शिष्यवृत्ती बहुतेक वेळा अपुरी पडते. निवड झाली आणि मग घरात हिशेब मांडला, असे मी दोन कुटुंबांत पाहिले आहे, आणि त्या दोन मुलांचे चेहरे मला आजही आठवतात. म्हणून तुम्ही दोघा पालकांनी मुलीला समोर बसवून स्पष्ट आकडा सांगा: शिष्यवृत्ती धरून आपल्याला एवढे जमेल, यापुढे जमणार नाही. सतरा वर्षांचे मूल हे समजून घेऊ शकते. त्याला धक्का बसतो तो उशिरा कळल्यामुळे. त्याच बैठकीत इकडच्या वाटाही सांगाव्यात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात बारावीनंतर नाट्याची पदवी घेता येते आणि दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे दार पदवीनंतर उघडते. या वाटा कमी प्रतीच्या आहेत असे समजण्याचे काहीच कारण नाही. दुसरी वाट आहे हे ठाऊक असलेले मूल ऑडिशनच्या खोलीत अधिक मोकळे उभे राहते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

तिसरी गोष्ट अशी की, प्रत्यक्ष जाणे प्रत्येक वेळी आवश्यक नसते. २०२०च्या साथीनंतर अनेक महाविद्यालयांनी ऑनलाइन ऑडिशनची सोय कायम ठेवली आहे. मुलीला पाच ठिकाणी अर्ज करायचा असेल आणि त्यांपैकी तीन ठिकाणे ऑनलाइन घेत असतील, तर उरलेल्या दोहोंसाठी एवढा खर्च करावा का, याचा विचार जरूर करा. माझे मत विचाराल, तर जे महाविद्यालय मुलीला मनापासून हवे आहे ते प्रत्यक्ष ऑडिशनला बोलावत असेल तरच जावे. केवळ ‘समोर दिसले तर छाप पडेल’ एवढ्यासाठी जाऊ नये. प्रत्यक्ष जाण्याचा खरा लाभ वेगळाच आहे. तिथल्या शिक्षकांबरोबर मुलगी काही वेळ काम करते, सामूहिक वॉर्मअपमध्ये तिथल्या मुलांबरोबर श्वास घेते, आणि ही माणसे आपल्याला चार वर्षे हवी आहेत का हे तिचे तिलाही कळते.

आता एकत्रित ऑडिशन म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, कारण इथे पुष्कळ गैरसमज आढळतात. अमेरिका एवढी पसरलेली आहे की प्रत्येक महाविद्यालयात जाऊन ऑडिशन देणे तिथल्या मुलांनाही परवडत नाही. म्हणून अनेक नाट्यविभाग एका शहरात ठरावीक दिवशी एकत्र येतात. याला ‘नॅशनल युनिफाइड ऑडिशन्स’ म्हणतात. शिकागोत त्या अनेक वर्षे शहराच्या मध्यभागातील पामर हाउस या जुन्या हॉटेलात होत आल्या आहेत, आणि प्रत्येक विभागाने एकेक खोली घेतलेली असते. मात्र अर्ज प्रत्येकाकडे वेगळा करायचा, वेळही प्रत्येकाकडून वेगळी घ्यायची. सगळे यात नसतातही. न्यूयॉर्कच्या ज्युलियार्डसारखी संस्था आपल्या ऑडिशन स्वतंत्रपणे घेते. बहुतेक ठिकाणी आधी शरद ऋतूत चित्रफितीची प्राथमिक फेरी होते, तिला तिकडे प्रीस्क्रीन म्हणतात. त्यातून निवड झाली तरच प्रत्यक्ष बोलावणे येते आणि ते पुष्कळदा डिसेंबरमध्ये येते.

या वेळापत्रकातून एक अडचण उभी राहते, आणि तुमच्यासारख्या पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाने ती आजच ओळखावी. बोलावणे डिसेंबरमध्ये येते, जायचे जानेवारीत असते, पण अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाची मुलाखत तेवढ्या अवधीत मिळेलच असे नाही. मुंबईत पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांना कित्येक महिने थांबावे लागल्याची उदाहरणे आहेत. म्हणून बोलावण्याची वाट न पाहता तुम्हा दोघींचे अर्ज या उन्हाळ्यातच करावेत. बी-१/बी-२ या प्रकाराचा व्हिसा ऑडिशनसाठी चालतो. त्यावर प्रवेश घेऊन शिकता मात्र येत नाही, त्यासाठी पुढे एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा वेगळा काढावा लागतो. प्रत्येकी १८५ डॉलर अर्जशुल्क भरावे लागते आणि नकार आला तरी ते परत मिळत नाही. वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासात मुलाखतीच्या वेळी काय सांगावे, असे पालक मला विचारतात. जे खरे आहे तेच सांगावे: मुलगी नाट्यशिक्षणाच्या प्रवेशासाठी ऑडिशन देणार आहे, आम्ही इतके दिवस राहणार आहोत आणि परत येऊन ती बारावीची परीक्षा देणार आहे. अर्ज केलेल्या महाविद्यालयांची यादी आणि बारावीच्या वर्गाचे पत्र जवळ ठेवावे. वडील सोबत येणार नसतील, तर मुलगी अल्पवयीन असल्याने त्यांचे नोटरी केलेले संमतिपत्रही जवळ असू द्यावे. सहसा कोणी मागत नाही, पण मागितलेच तर त्या वेळी घरून आणता येत नाही.

किती दिवस आधी पोहोचावे, या प्रश्नाचे उत्तर मी माझ्या चुकीतून शिकले, म्हणून ती चूकच सांगते. २०१५ साली मुलाची ऑडिशन शिकागोत ३ फेब्रुवारीला दुपारी दोन वाजता होती. शाळा फार बुडू नये आणि हॉटेलचे भाडे वाचावे म्हणून मी १ फेब्रुवारीला पोहोचण्याचे तिकीट काढले होते. त्या १ आणि २ तारखेला शिकागोवर मोठे हिमवादळ आले, १९ इंचांहून अधिक बर्फ पडले आणि आमचे पुढचे विमान रद्द झाले. युरोपातील एका विमानतळावर आम्ही खुर्च्यांवर रात्र काढली आणि २ तारखेला मध्यरात्री हॉटेलात पोहोचलो. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला तो आत गेला. पहिले स्वगत त्याने निभावून नेले, दुसऱ्याच्या मध्यावर तो थांबला आणि पुढची ओळ त्याला आठवली नाही. पाठांतर पक्के होते, तालमी भरपूर झाल्या होत्या. पण शिकागोचे दुपारचे दोन म्हणजे ठाण्याचे रात्रीचे दीड, आणि तोही दोन रात्रींच्या जागरणानंतरचा. वादळ माझ्या हाती नव्हते, परंतु वादळाला जागा ठेवणे माझ्या हाती होते. फेब्रुवारीत शिकागोला निघताना एक दिवसाचे अंतर ठेवणे ही माझी चूक होती.

तेव्हापासून मी पाच दिवसांचा नियम पाळते: पहिल्या ऑडिशनच्या किमान पाच दिवस आधी त्या शहरात पाऊल पडले पाहिजे. दोन दिवस हवामानासाठी, तीन दिवस झोपेसाठी. हिवाळ्यात शिकागो आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे असते आणि न्यूयॉर्क साडेदहा तास. म्हणजे दिवस आणि रात्र जवळजवळ उलटी होतात. शरीर रोज साधारण तासाभराने जुळवून घेते, त्यामुळे पाच दिवसांत पूर्ण जुळणे शक्यच नसते, आणि म्हणून वेळ निवडताना घड्याळाचा वेगळा विचार करावा लागतो. महाविद्यालय वेळेचा पर्याय देत असेल तर सकाळची वेळ घ्या. शिकागोतले सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे साडेनऊ. नाटक करणाऱ्या मुलांना ही वेळ ओळखीची असते, तेव्हा इकडे प्रयोग रंगात आलेला असतो आणि शरीरही जागे असते. दुपारी तीनची वेळ मात्र टाळा, कारण ते आपल्याकडचे पहाटेचे अडीच आहेत. पहिले काही दिवस मुलगी पहाटे तीन-चारला जागी होईल. तिला झोपण्याचा आग्रह करू नका, मंद दिव्यात शांतपणे वाचू द्या. दुपारी उजेडात फिरवून आणा, संध्याकाळी आठपर्यंत मात्र काहीही करून जागे ठेवा.

विमानाबद्दल एकच सांगायचे आहे. मधला थांबा हवाच असेल तर तो शक्य तितका इकडच्या बाजूला असावा. आखातात किंवा दिल्लीत विमान बदलणे सोपे जाते. अमेरिकेत उतरल्यावर दुसरे विमान पकडायचे असेल, तर पासपोर्ट तपासणी, सामान आणि हिमवृष्टी या तिन्ही गोष्टी एकाच थांब्यावर गाठतात. ऑडिशनचे कपडे, बूट आणि स्वगतांचे कागद हातातल्या पिशवीत ठेवा. मोठी बॅग उशिरा आली तरी मुलगी आत जाऊ शकली पाहिजे.

दोन शहरे करावीत का? तुमची मुलगी राज्य मंडळाची असल्याने माझे उत्तर नाही असे आहे. एकच शहर निवडा. परीक्षेच्या दृष्टीने न्यूयॉर्क बरे पडेल, कारण जानेवारीत जाऊन परतता येते. तिला हवी असलेली महाविद्यालये शिकागोतच असतील तर गोष्ट वेगळी. त्या दोन शहरांमधला रेल्वेप्रवास सुमारे वीस तासांचा आहे, विमानाचे हिवाळ्यात सांगता येत नाही, आणि दुसऱ्या शहरात पोहोचलेले मूल नेहमीच थकलेले असते. त्याचप्रमाणे एका दिवसात दोनच ऑडिशन ठेवा आणि त्यांत निदान अडीच तासांचे अंतर असू द्या. तिथे आयत्या वेळी नाव नोंदवून आत जाण्याचीही सोय काही महाविद्यालये ठेवतात. ‘एवढ्या लांब आलोच आहोत तर आणखी दोन देऊन टाकू’ हा मोह पालकांनाच अधिक होतो. माझ्याबरोबर आलेल्या एका मुलीने एका दिवसात पाच ऑडिशन दिल्या. चौथीपासून तिच्या स्वगतातला माणूस नाहीसा झाला होता आणि केवळ शब्द उरले होते, हे मला दाराबाहेरूनही ऐकू येत होते.

आता थंडी आणि आवाज. शिकागोत जानेवारीच्या अखेरीस रात्रीचे सरासरी तापमान शून्याखाली सात-आठ अंशांपर्यंत उतरते आणि मिशिगन सरोवरावरून येणारा वारा ते आणखी बोचरे करतो. आपल्या मनात भीती बाहेरच्या थंडीची असते, पण गळ्याचे खरे नुकसान आतल्या उष्णतेने होते. हॉटेलातले हीटर खोलीतली हवा इतकी कोरडी करतात की ठाण्या-नवी मुंबईच्या खाडीकाठच्या दमट हवेत वाढलेल्या मुलांचा आवाज दुसऱ्या सकाळी घोगरा येतो आणि नाकातून थोडे रक्तही येऊ शकते. विमानातली हवाही अशीच कोरडी असते. तिथे आर्द्रता सहसा वीस टक्क्यांच्या खाली असते. म्हणून विमानात बसल्यापासूनच थोडे थोडे पाणी पीत राहावे, कारण ऑडिशनच्या तोंडावर तांब्याभर पाणी प्यायल्याने गळा ओला होत नाही. खोलीत हीटर कमीत कमी ठेवा, रात्री न्हाणीघरातला एक टॉवेल ओला करून खुर्चीवर पसरा, हॉटेलकडे ह्युमिडिफायर (हवा ओलसर ठेवणारे यंत्र) मागून पाहा. मिठाच्या पाण्याचा नाकाचा स्प्रे इथूनच घेऊन जा. ज्येष्ठमध आणि खडीसाखर ठेवायला हरकत नाही, पण घरी कधी न घेतलेले औषध किंवा काढा तिथे पहिल्यांदा देऊ नका. रस्त्यावर तोंड आणि नाक मफलरने झाकून चालावे आणि चालताना मुलीशी बोलू नये; तुमचा प्रश्न कितीही महत्त्वाचा असला तरी आत गेल्यावर विचारा. बाहेरून आल्यावर वीस मिनिटे शरीर ऊबदार होऊ द्यावे आणि मगच आवाज लावायला सुरुवात करावी. थंड स्नायूंवर घाईने लावलेला आवाज तासाभरात बसतो.

कपड्यांचा फार खर्च करू नका. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक सोसायटीत कोणाचा ना कोणाचा मुलगा न्यू जर्सीत किंवा टोरांटोत असतो आणि त्यांच्या कपाटात जाड कोट पडून असतात. संकोच न करता मागा. आतला थर्मल जोड, मधला लोकरीचा स्वेटर आणि बाहेरचा वारा अडवणारा कोट असे तीन थर पुरतात. थर्मल मात्र गळा आणि मनगटे झाकूनही ऑडिशनच्या कपड्यांतून दिसणार नाही असा पाहा, कारण खोल्या गरम असतात आणि पाच मिनिटांपूर्वी गोठलेले मूल आत गेल्यावर घामाघूम होते. बर्फात चालायचे बूट वेगळे आणि ऑडिशनचे बूट वेगळे. ऑडिशनच्या बुटांत ती निदान महिनाभर इथे तालीम करून आलेली असावी.

जेवणाच्या बाबतीत प्रयोग करण्याचे हे दिवस नव्हेत. फ्रिज आणि मायक्रोवेव्ह असलेली खोली घ्या. मेतकूट, भाजणी, कोरड्या चटण्या, दशम्या एवढे नेले तर पहिले तीन दिवस निघतात. विमानतळावरील अर्जात किंवा अधिकाऱ्याने विचारल्यावर खाद्यपदार्थ आणल्याचे स्पष्ट सांगा आणि ताजी फळे व मांस मुळीच नेऊ नका. शिकागोत डेव्हन अव्हेन्यूवर भारतीय दुकाने आणि खाणावळी आहेत, परंतु तो भाग शहराच्या उत्तर टोकाला आहे. ऑडिशन संपल्यावर तिथे जरूर जा, आधी रोज जेवायला जाण्यात अर्धा दिवस आणि मुलीची ताकद दोन्ही जाते.

इथवरचे सगळे एकत्र सांगायचे तर असे: व्हिसा आणि पासपोर्ट बोलावण्याची वाट न पाहता, शहर एकच, पाच दिवस आधी, वेळ सकाळची, दिवसाला दोन ऑडिशन, आणि खोलीतली हवा ओलसर. एवढे जमले की तुमच्या वाटणीचे पुष्कळसे काम झाले. उरते ते दाराबाहेरचे काम, आणि ते मला सर्वांत कठीण वाटते.

हॉटेलच्या त्या मार्गिकांमध्ये शेकडो मुले आणि त्यांचे पालक बसलेले असतात. कोणी भिंतीकडे तोंड करून स्वगत पुटपुटत असते, कोणी आवाज लावत असते. पालक एकमेकांना विचारतात, तुमचे कुठे कुठे झाले, कोणी परत बोलावले का. या संभाषणातून मुलीला दूर ठेवा आणि स्वतःही दूर राहा. आपल्या मुलांना आधीच वाटत असते की समोरची सगळी मुले जन्मापासून इंग्रजीत शेक्सपिअर म्हणत आली आहेत आणि आपण उगाच आलो. त्या क्षणी तुमच्या चेहऱ्यावर तीच शंका दिसली तर ती थेट तिच्या स्वगतात उतरते. मुलगी बाहेर आली की ‘कसे झाले?’ असे विचारू नका. कोट हातात द्या, पाणी द्या आणि चालायला लागा. सांगायचे असेल ते ती पंधरा मिनिटांनी किंवा रात्री सांगेल, आणि नाही सांगितले तरी चालेल. माझ्या मुलाने २०१५च्या त्या दुपारी मला काहीच सांगितले नाही. मी विचारत राहिले आणि तो अधिकाधिक मिटत गेला. ते विचारणे मी टाळायला हवे होते, असे मला आजही वाटते.

मुलीच्या वाटणीबद्दल दोनच गोष्टी सांगते, कारण त्या ठाण्या-मुंबईच्या मुलांना विशेष लागू पडतात. आपली मुले एकांकिका स्पर्धांतून तयार होतात. गडकरी रंगायतनच्या किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवण्याची त्यांना सवय असते आणि ती त्यांची मोठी कमाई आहे. पण ऑडिशन हॉटेलच्या एका खोलीत, आठ-दहा फुटांवर बसलेल्या दोन-तीन माणसांसमोर असते. तिथे स्पर्धेचा आवाज अंगावर येतो. इथून निघण्याआधी दोन महिने तिला घरातल्या बैठकीच्या खोलीत, सोफ्यावर बसलेल्या दोन माणसांसमोर स्वगते करू द्या. वरच्या मजल्यावरचे आजी-आजोबा चालतील, नाटकाशी संबंध नसलेले शेजारी अधिक चांगले. बहुतेक महाविद्यालये साधारण एक ते दीड मिनिटाची दोन वेगळ्या स्वभावाची स्वगते मागतात, काही ठिकाणी त्यांतले एक अभिजात नाटकातले असावे लागते. नियम दरवर्षी बदलू शकतात, म्हणून प्रत्येकाचे त्या वर्षीचे सूचनापत्र छापून ठेवा.

दुसरी गोष्ट उच्चारांची. अमेरिकन उच्चार ओढूनताणून आणू नयेत. एका ऑडिशनमध्ये माझ्या विद्यार्थिनीला स्वगतानंतर परीक्षकांनी विचारले की तुझ्या भाषेतले काही आहे का. तिने आजीकडून ऐकलेली जात्यावरची एक ओवी म्हटली, जेमतेम चार ओळींची. बाहेर आल्यावर ती एवढेच म्हणाली की, तिथे मला पहिल्यांदा पाय जमिनीला टेकल्यासारखे वाटले. तेव्हापासून मी प्रत्येक मुलाला मराठीतले एक छोटे काहीतरी जवळ ठेवायला सांगते. कोणी विचारले नाही तर दाराबाहेर थांबलेले असताना मनातल्या मनात म्हणावे, आवाज आणि श्वास दोन्ही जागेवर येतात.

परतीचे तिकीट शेवटच्या ऑडिशननंतर दुसऱ्याच दिवशीचे ठेवू नका, एक दिवस तिला मोकळा द्या. पूर्वेकडे परततानाचा झोपेचा त्रास जाण्याच्या वेळेपेक्षा अधिक दिवस टिकतो, म्हणून पहिल्या पेपरच्या आधी निदान सात दिवस घरी मिळतील असे पाहा. तेवढे मिळत नसतील तर त्या वर्षी ऑनलाइन ऑडिशनच द्यावी, असे मी तुम्हाला स्पष्टपणे सांगेन. निकाल बहुतेक ठिकाणी मार्चअखेरपर्यंत येतात आणि प्रवेश निश्चित करण्यासाठी साधारण १ मेपर्यंत मुदत असते. म्हणजे बारावीचे पेपर चालू असतानाच काही पत्रे येतील. ती कोणी उघडायची आणि कधी, हे दोघींनी आधीच ठरवून ठेवा. माझ्या एका विद्यार्थिनीने आपल्या ईमेलचा पासवर्ड शेवटच्या पेपरपर्यंत वडिलांकडे देऊन ठेवला होता. तिच्या नावे आलेले पहिले पत्र नकाराचे होते आणि दुसऱ्या दिवशी तिचा अर्थशास्त्राचा पेपर होता. वडिलांनी ते पत्र अकरा दिवस स्वतःजवळ ठेवले.

आणि ताई, मुलीचा पासपोर्ट काढलेला असेल तर या आठवड्यात त्यावरची तारीख पाहा. लहानपणी काढलेला पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो आणि तो पुष्कळदा याच वयात संपत आलेला असतो. पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना दहा वर्षांचा पासपोर्ट मागता येतो, तो मागा. तो हाती आला की व्हिसाच्या अर्जाला लागा, आणि अर्ज भरताना कुठे अडले तर इथेच विचारा, मी उत्तर देईन.